बदल कोणासाठी?

मुलाने कसे वागावे हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा, असे कोणी विचारले तर आपण चटकन उत्तर देतो : आईवडिलांचा. थोडा विचार केला की आणखी नावे सुचतात. शाळेचा, शेजाऱ्यापाजाऱ्यांचा, धर्मग्रामाचा. मुलाचे स्वतःचे नाव आपल्या ओठांवर सहसा शेवटी येते. बोलणारे मूल आपला हक्क रुसून, भांडून, उलट उत्तर देऊन मिळविते. परंतु ज्या मुलाला वाचा फुटलेली नाही, नजरेला नजर देणे ज्याला जड जाते, जे गोंगाटाने कासावीस होऊन स्वतःचाच हात चावते, त्याच्या वतीने बोलणार कोण? ज्या घरात स्वमग्न किंवा बौद्धिक दिव्यांगता असलेले मूल आहे, त्या घरी हा प्रश्न रोज सकाळी उठून उभा राहतो.

अशा मुलांच्या वागण्याचा पद्धतशीर अभ्यास करून ते बदलण्यास साहाय्य करणाऱ्या तज्ज्ञाला वर्तन-विश्लेषक म्हणतात. शहरांतील पालकांना 'एबीए थेरपी' हे नाव अधिक परिचयाचे आहे. या तज्ज्ञांचे काम काय, त्यांच्या हाती आपले मूल सोपविणे केव्हा योग्य, आणि त्यांना गाठावे कसे, हे तीन प्रश्न वरवर वेगळे दिसतात. आमच्या मते त्या तिन्ही कुलपांना एकच किल्ली लागते. ती शोधण्याचा हा प्रयत्न.

हा विचार करताना आपण मुंबई-पुणे डोळ्यांसमोर न ठेवता रिठद ठेवू. वाशिम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यातील हे गाव. मुलूख सोयाबीन आणि तुरीचा. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा २०१८ मध्ये केंद्र सरकारच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आला आणि २०२४ मध्ये येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. ख्रिस्तसभेच्या रचनेत तो अमरावती धर्मप्रांतात मोडतो. महानगरात राहणाऱ्या पालकांना निदान निवड करण्याची चैन असते. रिठदच्या शेतकरी कुटुंबात असे मूल जन्मले तर त्या मायबापांनी काय करावे? जे उत्तर रिठदला लागू पडत नाही, ते उत्तर अपुरे समजावे.

प्रथम काम समजून घेऊ. समजा, अशा एका घरात पाच वर्षांचा मुलगा आहे. बोलत नाही. संध्याकाळी घरात माणसे जमली, टीव्ही लागला, की तो भिंतीवर डोके आपटू लागतो. आजी म्हणते, दृष्ट लागली. काका म्हणतात, लाडाने बिघडला, दोन ठेवून द्या. शेजारी एखाद्या बाबाचा पत्ता सांगतात. सगळ्यांना मुलाचे बरे व्हावे असेच वाटते. पण मूल डोके आपटून काही सांगत असेल, ही शंका कोणाच्या मनाला शिवत नाही.

चांगला वर्तन-विश्लेषक येथे सल्ला देण्याची घाई करीत नाही. आधी तो मुलाला डॉक्टरांकडे पाठवितो. कारण न बोलणाऱ्या मुलाची कानदुखी, दातदुखी किंवा पोटदुखीही अशीच प्रकट होऊ शकते. मग तो वही उघडतो आणि तीन रकाने आखतो. वर्तनापूर्वी काय घडले, वर्तन नेमके काय होते, आणि त्यानंतर काय घडले. असे किती वेळा झाले, किती मिनिटे चालले, याची नोंद तो आठवडा-दोन आठवडे घरच्यांकडून करवून घेतो. वही भरत जाते तसे उत्तर दिसू लागते. आवाज वाढला की मूल डोके आपटते. आई धावत येते, त्याला उचलून ओसरीवर नेते. तेथे शांतता असते आणि मूल शांत होते. म्हणजे ते डोके आपटणे हे त्या मुलाचे एक वाक्य आहे. 'मला येथून बाहेर न्या' हे सांगण्याची दुसरी भाषा त्याला कोणी दिलेली नाही, आणि ही भाषा चालते हे त्याला अनुभवाने कळले आहे.

येथून पुढचे काम शिकवणुकीचे. दाराचे चित्र असलेला एक पुठ्ठ्याचा तुकडा मुलाच्या हाती द्यायचा, किंवा आईचा पदर ओढण्याची एक खूण ठरवायची. सुरुवातीला त्याचा हात धरून ती खूण करवून घ्यायची आणि केली रे केली की तत्क्षणी त्याला बाहेर न्यायचे. हळूहळू हाताचा आधार कमी करायचा. टीव्हीचा आवाजही घराने उतरवायचा. ज्या कृतीनंतर हवे ते मिळते ती कृती दृढ होते, या नियमाला मानसशास्त्रात प्रबलन म्हणतात. डोके आपटण्यापेक्षा खूण करणे सोपे आणि खात्रीचे ठरले की जुनी सवय बहुधा ओसरू लागते. न ओसरली तर वही पुन्हा उघडायची आणि आपला अंदाज कोठे चुकला ते पाहायचे. दात घासणे, शौचाला जाणे, सदऱ्याची बटणे लावणे ही कामेही याच रीतीने, एकेका लहान पायरीत विभागून शिकविता येतात.

येथे एक आक्षेप सुज्ञ वाचकाच्या मनात येईल. हे तर सर्कशीतील शिकवणुकीसारखे झाले! गूळ दाखवायचा आणि हवे ते करवून घ्यायचे. मग मुलाच्या आत्म्याचे, त्याच्या इच्छास्वातंत्र्याचे काय? हा आक्षेप निराधार नाही. या शास्त्राचे एक प्रमुख प्रवर्तक बी. एफ. स्किनर (१९०४-१९९०) यांनी १९७१ मध्ये 'बियाँड फ्रीडम अँड डिग्निटी' हा ग्रंथ लिहिला आणि मनुष्याच्या अंतरी वसणारे स्वातंत्र्य ही कल्पनाच मागे टाकावी असे प्रतिपादन केले. ख्रिस्ती माणसाला हे मान्य होणे शक्य नाही. मनुष्य म्हणजे त्याच्या वर्तनाची बेरीज, असे आपण मानीत नाही.

परंतु सवयीचे महत्त्व आपल्या परंपरेनेही नाकारलेले नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी ॲरिस्टॉटलचा धागा पकडून असे शिकविले की, नैतिक सद्गुण हे दृढ झालेले वळण असते आणि ते पुन्हा पुन्हा केलेल्या कृतींतून अंगी बाणते. आपण लहानग्याचा हात धरून त्याच्याकडून क्रुसाची खूण करवून घेतो, तेव्हा अर्थ त्याला कळत नसतो. कृती आधी येते, अर्थ मागून येतो. 'शहाणा माझा बाळ' म्हणून आई त्याचा मुका घेते, तेही प्रबलनच. भेद इतकाच की, आईला त्या मुलाने एक दिवस स्वतःहून, समजून, आपल्या इच्छेने हात जोडावेत असे वाटत असते. सर्कशीच्या मालकाला तसे काही वाटत नसते. साधन एकच असले तरी हेतूने त्याची जात बदलते. म्हणून स्किनर यांचे तत्त्वज्ञान न स्वीकारताही त्यांच्या शास्त्राचा उपयोग करता येतो. मात्र हेतूवर डोळ्यांत तेल घालून पहारा ठेवावा लागतो.

हा पहारा ढिला पडला की काय होते हे या शास्त्राच्या इतिहासातच नमूद आहे. कॅलिफोर्नियात इव्हार लोव्हास यांनी १९६० च्या दशकात स्वमग्न मुलांवर काम सुरू केले, तेव्हा मुलांनी ऐकावे म्हणून चापट मारणे, ओरडणे, इतकेच काय विजेचे झटके देणेही त्यांनी वर्ज्य मानले नाही. 'लाइफ' या सुप्रसिद्ध नियतकालिकाने १९६५ मध्ये त्याची छायाचित्रे छापली होती. १९८७ मध्ये लोव्हास यांनी प्रसिद्ध केले की, आठवड्याला ४० तास शिकवणूक मिळालेल्या १९ मुलांपैकी ९ मुले सर्वसाधारण शाळेत इतरांच्या बरोबरीने पहिली इयत्ता उत्तीर्ण झाली. जगभरच्या पालकांना त्यातून आशा मिळाली. पुढे अभ्यासकांनी दाखवून दिले की, मुलांचे गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते, त्यामुळे तो आकडा जपून वाचला पाहिजे. पण लहान वयात सुरू केलेल्या शिकवणुकीने मुलांना लाभ होतो, हा विश्वास त्या वेळेपासून दृढ झाला.

विजेच्या झटक्यांचा वापर मात्र अमेरिकेतील एका संस्थेत या शतकातही चालूच राहिला. वर्तन-विश्लेषकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने त्याविरुद्ध स्पष्ट भूमिका घेतली ती २०२२ मध्ये. दरम्यान, लहानपणी या उपचारातून गेलेली स्वमग्न माणसे मोठी होऊन बोलू व लिहू लागली आहेत. त्यांच्यापैकी अनेकांची तक्रार माराची नाही. हात हलवू नकोस, नजर चुकवू नकोस, सांगितले की कर, असे वर्षानुवर्षे ऐकून आम्ही इतरांसारखे दिसायला शिकलो. पण नको असलेल्या गोष्टीला नकार द्यायला विसरलो, असे त्यांचे म्हणणे आहे. ही तक्रार गंभीर आहे. कोणीही सांगितले की ऐकायचे, एवढेच ज्या मुलाला शिकविले, ते मूल दुष्टाचेही ऐकेल. ज्याला आपल्यावर झालेला अत्याचार शब्दांत सांगता येत नाही, त्याच्या बाबतीत ही भीती किती मोठी आहे हे आईबापांना वेगळे सांगावयास नको.

येथे आपल्याला ती किल्ली सापडते. वर्तनात बदल करावा की करू नये, याचा निर्णय 'बदल कोणासाठी?' या प्रश्नाने करावा. भिंतीवर डोके आपटण्याने मुलाला इजा होते. ते थांबले पाहिजे. शौचाची सवय लागली तर त्याला शाळेत जाता येईल, त्याची अब्रू राखली जाईल. ती लावली पाहिजे. पण आनंद झाला की तो दोन्ही हात पंखांसारखे हलवितो, यात कोणाचे काय बिघडते? ते थांबविण्याचा आग्रह आपल्या लाजेतून येतो, त्याच्या गरजेतून येत नाही. काही वेळा दोन्ही बाजू खऱ्या असतात. रात्र रात्र न झोपणाऱ्या मुलाच्या आईलाही झोपेचा अधिकार आहे. कुटुंबात राहणे म्हणजे एकमेकांसाठी थोडे वाकणे; ते मुलालाही शिकावे लागते. मात्र वाकणे दोन्हीकडून हवे. मुलाने खूण शिकावी आणि घराने टीव्ही हळू लावावा.

याच किल्लीने तज्ज्ञाचीही पारख होते. जो तज्ज्ञ मुलाला 'बस', 'उठ', 'हात जोड' शिकविण्याआधी 'नको' म्हणायला शिकवितो, मग ते शब्दाने असो, मान हलवून असो वा चित्रावर बोट ठेवून असो, त्याला आपल्या कामाचा हेतू समजलेला आहे. मुलाचा नकार ऐकून घेण्याची ज्याची तयारी आहे, त्याच्याच हाती मुलाचा होकार सुरक्षित राहतो.

आता प्रत्यक्ष शोधाकडे वळू. आपल्याकडे या व्यवसायाची घडी अद्याप बसते आहे. १९९२ च्या कायद्यानुसार भारतीय पुनर्वास परिषद दिव्यांगांसाठी काम करणाऱ्या व्यावसायिकांची नोंदवही ठेवते. चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ, विशेष शिक्षक, वाचा-उपचारतज्ज्ञ यांची तेथे नोंद होते. वर्तन-विश्लेषक असा स्वतंत्र वर्ग तेथे नाही. संसदेने २०२१ मध्ये संलग्न आरोग्य-व्यावसायिकांसाठी जो कायदा केला, त्याच्या परिशिष्टात मात्र वर्तन-विश्लेषकाचे नाव आले आहे. अमेरिकेत १९९८ मध्ये स्थापन झालेल्या प्रमाणन मंडळाची पदवी काही भारतीय तज्ज्ञांकडे आहे. पण त्या मंडळाने २०२३ पासून भारतातील नव्या उमेदवारांना प्रमाणपत्र देणे बंद केले. त्यामुळे केवळ पाटीवरील इंग्रजी अक्षरांवर विसंबून चालणार नाही. नोंदणी क्रमांक विचारावा. शिक्षण कोठे झाले आणि कोणाच्या देखरेखीखाली काम केले, हे विचारावे. त्यात संकोच कसला?

रिठदच्या मायबापांनी मात्र वर्तन-विश्लेषकाची पाटी शोधत प्रथमच पुण्या-मुंबईची गाडी पकडू नये. पहिले दार अंगणवाडीचे. २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात वैद्यकीय पथकांनी अंगणवाड्यांना वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळांना एकदा भेट द्यावयाची असते, आणि जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या तपासणीत वाढीतील विलंबही येतो. मूल दोन वर्षांचे होऊनही बोलत नसेल, हाकेला वळून पाहत नसेल, तर सेविकेला सांगून त्या पथकासमोर न्यावे. 'मुलगे उशिराच बोलतात' या समजुतीत मोलाची वर्षे वाया जातात. दुसरे दार जिल्हा रुग्णालयाचे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मान्य केलेल्या २१ प्रकारांत स्वमग्नता आहे. तिचे प्रमाणपत्र मिळाले की पुढील सवलतींची वाट मोकळी होते. १९९९ च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' विमा योजनेत वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतच्या खर्चाची सोय आहे, आणि ठरावीक मर्यादेत थेरपीचा खर्चही त्यात धरला जातो.

तिसरे दार शिकण्याचे. सिकंदराबाद येथे १९८४ पासून बौद्धिक दिव्यांगांसाठी राष्ट्रीय संस्था कार्य करीत आहे. तिचे प्रादेशिक केंद्र नवी मुंबईत आहे. भारतीय मुलांचे वर्तन मोजण्यासाठी त्या संस्थेत तयार झालेली मापनश्रेणी १९९२ मध्ये प्रसिद्ध झाली. एकदा नीट तपासणी करून घ्यावी, योजना लिहून घ्यावी आणि पुढील मार्गदर्शन फोनवरून, व्हिडिओवरून घेत राहावे, हा मार्ग आज खेड्यालाही खुला आहे. रोजचे काम करणार आहेत ते घरचेच.

घरच्यांना हे जमेल का? गोव्याचा अनुभव येथे बोलका आहे. १९९६ मध्ये गोव्यात स्थापन झालेल्या 'संगत' या संस्थेच्या सहभागाने गोवा आणि पाकिस्तानातील रावळपिंडी येथे ६५ स्वमग्न मुलांच्या कुटुंबांबरोबर एक प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. डॉक्टर वा मानसशास्त्रज्ञ नसलेल्या कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देऊन पालकांकडे पाठविण्यात आले. पालक मुलाशी खेळत असतानाचे चित्रण त्यांनी पालकांनाच दाखविले आणि मुलाच्या बारीकसारीक खुणांना प्रतिसाद कसा द्यावा हे शिकविले. पालकांचा प्रतिसाद सुधारला आणि मुले आपणहून अधिक वेळा संवाद सुरू करू लागली. ही पद्धत वर्तन-विश्लेषणाहून निराळी आहे, आणि सगळे प्रश्न तिने सुटले असेही कोणी म्हणत नाही. पण तज्ज्ञांअभावी हात बांधून बसण्याचे कारण नाही, एवढे तिने निश्चित दाखविले.

तज्ज्ञ सापडला की काही गोष्टी पडताळून पाहाव्यात. उपचाराच्या वेळी आईवडिलांना खोलीत बसू देतो की नाही? दार बंद ठेवणाऱ्याला नमस्कार करून घरी परतावे. वहीतील नोंदी दाखवितो का? मूल रडू लागले तर काय करतो? मारणे, उपाशी ठेवणे, कोंडणे यांना तो थोडीही जागा देत असेल तर तेथे क्षणभरही थांबू नये. 'सहा महिन्यांत पूर्ण बरा करून देतो' अशी हमी देत असेल, तर समजावे की तो आपली आशा विकत घेऊ पाहत आहे. स्वमग्नता हा ताप नव्हे की उतरावा. मुलाला तिच्यासह जगता येईल असे करणे, हे काम आहे. मुलाला भूतबाधा झाली म्हणून साखळीने बांधणे, चटके देणे हा तर २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने महाराष्ट्रात गुन्हा आहे, हेही गावात सर्वांना ठाऊक असावे.

शेवटी आपल्या धर्मग्रामांविषयी. रविवारच्या मिस्सेला एखादे मूल मध्येच किंचाळते, बाकांमधून धावते, तेव्हा किती माना मागे वळतात! दोन-तीन रविवार हे झाले की ते कुटुंब मागच्या दाराशी उभे राहू लागते, आणि पुढे एके दिवशी येईनासे होते. कोणी त्यांना येऊ नका म्हटलेले नसते. आपल्या नजरांनीच ते काम केलेले असते. २०२० मध्ये रोमहून प्रसिद्ध झालेल्या धर्मशिक्षणविषयक मार्गदर्शिकेने दिव्यांगांना साक्रामेंते नाकारता येणार नाहीत हे स्पष्ट केले आहे; परंतु बाकावरची जागा रोमहून पाठविता येत नाही, ती शेजारी बसणाऱ्यानेच करून द्यावी लागते. आईला तासभर विश्रांती मिळावी म्हणून मुलाला सांभाळणारी एखादी शेजारीण, वही लिहायला मदत करणारा एखादा कॉलेजातला मुलगा, जिल्हा रुग्णालयात सोबत येणारा एखादा जाणता गृहस्थ, एवढी माणसे प्रत्येक धर्मग्रामात आणि प्रत्येक गावात मिळू शकतात.

यरीहोच्या वाटेवरील आंधळ्या बार्तिमयाची कथा आपण अनेकदा ऐकलेली आहे. तो मोठ्याने हाका मारू लागला तेव्हा लोकसमुदायाने त्याला गप्प बसायला सांगितले. समुदायाच्या दृष्टीने ते वर्तन शोभणारे नव्हते. प्रभू येशू थांबला. त्याने त्या माणसाला जवळ बोलाविले. त्याला काय हवे आहे हे कोणालाही दिसत होते, तरीही येशूने ते गृहीत धरले नाही, त्यालाच विचारले. आधी ऐकणे, मग विचारणे आणि त्यानंतर बदल घडविणे, हा क्रम तेथे आहे. आपल्या घरातील अबोल लेकरू ज्याच्या हाती द्यायचे, त्या माणसाकडून आपण याहून अधिक काही मागत नाही. आणि याहून कमी काही घेऊही नये.